चैत्रात पाच पूर्ण

धामणगाव बढे
१२ जून २०२५

निवेदिता,

आधी 'चि. सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. नऊ वर्षांत तुला साधी हाकही मारली नाही, आता कुठल्या तोंडानं आशीर्वाद लिहू? नुसतं नाव लिहिते.

फोन दोनदा केला. तू उचलला नाहीस. नंबर इंद्रभान मामांकडून मिळाला. त्यांचे थोरले भाऊ फौजेतून सुटल्यावर सरकारनं त्यांना पोर्ट ब्लेअरच्याही पुढच्या तुमच्या त्या बेटावर जमीन दिली होती, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या भावाची बायको, जनकाकाकू, अजून तिथं आहेत आणि तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात, हे आता कळलं. मामा म्हणाले, "फोन नाई उचलत तं कागद लिही. कागद माणूस कधी ना कधी वाचतेच."

मी ३१ मे रोजी रिटायर झाले. तालुक्याच्या कचेरीत सव्वीस वर्षं दिव्यांगांचं टेबल माझ्याकडे होतं. ते रिकामं करताना खालच्या खणात जुन्या रजिस्टरांमध्ये तुझं पत्र सापडलं, ऑक्टोबर एकवीसचं. शिपायानं डाकेबरोबर ठेवून दिलं असेल आणि ते तसंच दबून राहिलं असेल. आता वाचलं.

तू लिहिलंस की गोजिरी दीड वर्षाची झाली, पण मागं भांडं पडलं तरी वळून पाहत नाही. तुझी सासू, कुलदीपची आई, म्हणते, आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात. बेटावरच्या दवाखान्यात कान तपासायचं यंत्र नाही, आणि करोनामुळे जहाजाचं तिकीट लागत नाही. शेवटी लिहिलंस, "ताई, तुझ्या टेबलावर अशी मुलं रोज येतात. मला एवढंच सांग, सगळ्यात आधी कुठं जायचं."

मुलीचं नाव तू गोजिरी ठेवलंस, आईच्या नावावरून.

आता कामाचं लिहिते. तिची जन्मतारीख लगेच कळव. अशा मुलांसाठी ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवतात. खर्च सरकार करतं, पण मूल पाच वर्षांच्या आतलं पाहिजे. तू पत्रात 'दीड वर्ष' लिहिलंस, तारीख दिली नाहीस. माझ्या टेबलासमोर बसून बायका सव्वा वर्षालाही दीडच म्हणायच्या. सव्वा असेल तर अजून महिना हातात आहे. दिव्यांगाचा दाखला काढला आहे का? उत्पन्नाचा? नसेल तर काढू नकोस, मी इथून विचारून सांगते कुठला कुठं चालतो. पोर्ट ब्लेअरला कोणत्या खिडकीवर जायचं तेही शोधते. माझ्या हातून या तालुक्यातली अकरा मुलं त्या ऑपरेशनला गेली आहेत. मला हे काम येतं.

तारीख कळव.

पुष्पांजली


धामणगाव बढे
९ जुलै २०२५

निवेदिता,

तुझं उत्तर आलं नाही. जहाजानं डाक जायला किती दिवस लागतात ते पोस्टात विचारलं, त्यांनाही सांगता येईना. मला राहवलं नाही. मी जनकाकाकूंना फोन लावला.

पन्नास वर्षं समुद्रात काढली त्या बाईनं, पण बोलणं अजून आपल्या आठवडी बाजारातलं आहे.

"कोन? पुष्पा? गोजरबाईची पुष्पा?"

"हो काकू."

"लय सवडीनं फोन केला बाई. सांग, काय काम काढलं?"

मी विचारलं, "गोजिरीचा वाढदिवस कधी असतो?"

"चैतात. पाडवा झाला का आठा दिवसानं. मीच तं यंदा पुरन घातलं तिच्यासाठी. पाच पूर्ण झाले ना तिले."

मी फोन धरून उभी राहिले. हिशोब करायचीही गरज नव्हती. तू पत्रात लिहिलेलं दीड वर्ष खरोखरच दीड होतं.

"काऊन गप झाली?" काकू म्हणाल्या. "ऐकू येऊन राह्यलं ना?"

"येतंय काकू."

तरी मी सोडलं नाही. संभाजीनगरला एक कानाचे डॉक्टर आहेत, माझ्या टेबलावरची मुलं मी त्यांच्याकडेच पाठवत होते. त्यांना म्हटलं, तीनच महिने वर झालेत, कुठं अर्ज करायचा, कुणाच्या पाया पडायचं ते सांगा. ते मला वीस वर्षं ओळखतात. म्हणाले, "मॅडम, नियम घडीभर बाजूला ठेवा. पाच वर्षं ज्या मेंदूनं आवाज ऐकलाच नाही, त्याला आता ऐकायला शिकवणं फार अवघड आहे. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षं दर आठवड्याला बोलायला शिकवणारी बाई लागते. ती मुलगी कुठं राहते म्हणालात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "दोन वर्षांची असताना का नाही आणलीत? तुम्हाला तर माहीत होतं."

त्यांना म्हणायचं होतं की इतर कुणापेक्षा तुम्हाला या कामाची जास्त माहिती. पण शब्द असे पडले.

मग मी पोर्ट ब्लेअरला फोन लावत बसले. सहा नंबर फिरवले. एका बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. तिनं सांगितलं की दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांचं पथक जहाजानं तुमच्याकडे येतं, त्यात दाखल्याचं काम होतं. बहिऱ्या मुलांना शिकवणारं कुणी तुमच्या बेटावर नाही, मुलीला हॉस्टेलवर ठेवावं लागेल. मी ते सगळं वहीत लिहून काढलं आणि अभिमानानं काकूंना पुन्हा फोन केला.

काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते आमाले माईत हाय बाई. दाखला तं मागच्या सालीच झाला."

मग त्यांनी सांगितलं ते मी ऐकत राहिले. पोर्ट ब्लेअरला मिळालेलं कानामागचं ऐकायचं मशीन खाऱ्या हवेनं दोनदा बिघडलं. तेव्हा दवाखान्याचा कंपाउंडर तांदळाच्या डब्यात घालून ते सुकवायला शिकवून गेला. अंगणवाडीच्या बाई सगळ्या मुलांना गाणं म्हणायला लावतात, तेव्हा गोजिरीचा हात आपल्या गळ्यावर धरून ठेवतात. तू कामावर गेलीस की गुरुद्वारातल्या बायका पाळीपाळीनं तिला सांभाळतात, आणि तिला तहान लागली आहे की भूक हे त्यांना तिच्या डोळ्यांवरून कळतं. काकू म्हणाल्या, "इथं काई नाई, म्हनून सगळे हायत."

मी इथं बसून तुम्हाला आधार शोधून देणार होते. तुम्ही तो माझ्यावाचून उभा केला होता. फक्त त्यातल्या कुणालाच ती एक गोष्ट माहीत नव्हती जी मला माहीत होती, आणि जिला मुदत होती.

आज एवढंच लिहिता येतं.

पुष्पांजली


धामणगाव बढे
२१ ऑगस्ट २०२५

निवू,

तुझं पत्र काल मिळालं. सात ओळी आहेत. मी त्या एवढ्यांदा वाचल्या की आता न बघता लिहू शकते.

"ताई, दोन्ही पत्रं मिळाली. मशीनचा उपयोग झाला नाही. ऑपरेशनबद्दल आम्हाला गोजिरी साडेचार वर्षांची असताना कळलं. चेन्नईचा नंबर लागेपर्यंत पाच झाली. एकच विचारते. माझं पत्र तुला खरंच आता सापडलं का? मी ते रजिस्टर करून पाठवलं होतं. पोचपावती माझ्याकडे आहे. तिच्यावर तुझी सही आहे."

पोचपावती! सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, कागद साधा टाकू नका, रजिस्टर करा, पावती जपून ठेवा. तू दहावीत असताना तुलाही मीच शिकवलं होतं, शाळेच्या फॉर्मच्या वेळी.

नाही. आता सापडलं नाही. शिपायाचाही काही दोष नाही. त्या बिचाऱ्याचं नाव मी उगाच घेतलं.

ते पत्र मंगळवारी आलं. पोस्टमनपुढे मी सही केली, खाली तारीख घातली. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ठेवला आणि पाकीट फोडलं. पूर्ण वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं, कारण मी एक वाक्य शोधत होते. "ताई, माझं चुकलं." ते कुठं नव्हतं. तू मुलीबद्दल लिहिलं होतंस, जहाजाबद्दल, सासूबद्दल. लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना घरातून निघून गेलीस, ठरलेल्या नवऱ्याच्या, शंतनूच्या घरी मला एकटीनं जाऊन हात जोडावे लागले, गावानं तोंडावर विचारलं, त्यावर एक अक्षर नाही. मी ठरवलं, काम पडलं म्हणून हिला बहीण आठवली. आधी माफी मागू दे, मग सांगेन.

अशा विचारानं मी पत्र खालच्या खणात ठेवलं. निवू, त्या दिवशी मला वाटलं होतं की आठ-पंधरा दिवसांची गोष्ट आहे. तू पुन्हा लिहिशील. मग मी जरा रागावून, जरा मोठेपणानं उत्तर देईन. तू लिहिलं नाहीस. दिवस गेले तसं उत्तर देणं अवघड होत गेलं, कारण आता 'इतके दिवस का नाही दिलं' तेही सांगावं लागलं असतं. वर्ष झालं, दोन झाली. दर चैत्रात मी मनाशी आकडा मोजत होते. मला जन्मतारीख माहीत नव्हती हेही खोटं आहे, काकूंना विचारलं ते ढोंग. तुझ्या पत्रात पहिल्याच ओळीत होतं, लॉकडाऊनमध्ये, पाडव्यानंतर आठ दिवसांनी.

आता सगळ्यात वाईट सांगते. त्याच मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, गुलाबराव नावाचे एक गृहस्थ नातीला घेऊन टेबलाशी आले. सव्वा-दीड वर्षाची पोर. म्हणाले, "मॅडम, हिच्या मांगं ताट वाजवलं तरी पाहत नाई." मी त्यांना खुर्ची दिली. फॉर्म मी भरला. डॉक्टरांना माझ्या फोनवरून फोन लावून दिला. कुठली एसटी किती वाजता, दवाखान्यात कोणाला भेटायचं, धर्मशाळा कुठं, एका कागदावर सगळं लिहून दिलं. तुझं पत्र माझ्या गुडघ्यापाशी खणात होतं. कागद लिहिताना मला ते माहीत होतं.

माझ्या निरोपाच्या दिवशी गुलाबराव त्या मुलीला घेऊन आले. हार घातला. पोरीनं मान वर करून, जरा नाकातून, पण स्पष्ट म्हटलं, "थँक्यू मॅडम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, हार तसाच खुंटीला लावला, आणि बारा दिवसांनी तुला पहिलं पत्र लिहिलं. त्यातही खोटं लिहिलं.

आता सांगतेच आहे तर आईचंही सांगते. तू गेलीस त्या वेळी ती अंथरुणालाच होती, हे तुला ठाऊक आहे. पुढे लकव्याचा दुसरा झटका आला आणि तिची वाचा गेली. उजवा हात तेवढा हलायचा. तो उचलून ती खांद्यावरून खाली बोटं फिरवायची, वेणी घातल्यासारखी. दोन वेण्या घालणारी घरात तूच होतीस. ती तुला विचारत होती. मी तिला फणी आणून द्यायचे. म्हणायचे, "केस विंचरायचे का आई?" ती डोळे मिटून घ्यायची. रोज मी फणी आणायचे आणि रोज ती डोळे मिटायची. तुला कळवलं असतं तर तू आली असतीस. ती गेल्यावरही मी महिनाभर तुला कळू दिलं नाही. लोकांना सांगितलं, पत्ता नाही. पत्ता होता.

तुझ्या सात ओळींचं हे उत्तर. यावर तू मला काही लिहावंस असं माझं म्हणणं नाही.

ताई


धामणगाव बढे
५ ऑक्टोबर २०२५

निवू,

तू काही लिहिलं नाहीस. जनकाकाकू म्हणाल्या, "वाचलं तिनं. मंग लय वेळ जेटीवर जाऊन बसली. मी काई इचारलं नाई." मीही त्यांना काही विचारलं नाही.

तरी एक गोष्ट सांगायची आहे. वाचून फाडून टाकलीस तरी चालेल.

वरवट बकालची छकुली तुला आठवायचं कारण नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिचा बाप तिला घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. वरवट बकाल आपल्या तालुक्यात नाही, पण तिच्या मामाचं घर आपल्याकडे. पोर सात वर्षांची, जन्मापासून बहिरी, घरात तिला गुरांसारखं हाताला धरून वळवायचे. त्या काळी कानातलं ऑपरेशन वगैरे कुणाला माहीत नव्हतं. मी तिला मूकबधिर शाळेत हॉस्टेलवर घातलं. बस, एवढंच माझं काम. पुढे ती दहावी झाली, शिवण शिकली, वर्गातल्याच राजकुमारशी लग्न केलं, तोही बहिरा. दोघं वरवट बकालला शिवणाचं दुकान चालवतात. दिवाळीला न चुकता मला फराळ पाठवते.

गेल्या रविवारी दोन गाड्या बदलून मी तिच्याकडे गेले. का गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. ऐकणारी सगळी माणसं विचारून झाली होती.

तिच्याशी बोलायचं म्हणजे वहीवर. मी सगळं लिहिलं. तुझं पत्र, खण, चैत्र, सगळं. तीन पानं झाली. ती मशीनवर बसून वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि निवू, एवढ्या वर्षांत त्या मुलीनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं पेन घेतलं. तिचं मराठी आपल्यासारखं नाही, शब्द सुटे-सुटे असतात. तिनं लिहिलं,

"मॅडम, मोठी चूक. फार मोठी."

मी मान हलवली.

मग लिहिलं, "पण तुम्ही सगळे कान कान कान. मुलगी पाच वर्ष. बोलायला कोण आहे तिला?"

मी लिहिलं, आई आहे, जनकाकाकू आहेत, गुरुद्वारातल्या बायका आहेत.

तिनं ते खोडलं. माझ्या हातातली वही ओढून खोडलं. लिहिलं, "त्या प्रेम करतात. बोलत नाहीत. मला पण आई प्रेम करत होती. सात वर्ष माझ्याकडे शब्द नव्हता. पोट दुखत आहे, हे सांगायला शब्द नव्हता. भाषा पाहिजे. हाताची. आत्ता. उद्या नाही."

राजकुमार बाजूला काज करत होता. तिनं त्याला हातांनी भराभर काही सांगितलं. त्यानं सुई ठेवून दिली आणि माझ्यासमोर फोन धरला, त्याच्या मित्रांचे व्हिडिओ कॉल दाखवले. कुणी पुण्याचा, कुणी इंदूरचा. सगळे हातांनी बोलत होते. मी सव्वीस वर्षं त्यांचे दाखले काढले. ही माणसं एकमेकांशी काय बोलतात हे मात्र मी कधी पाहायला गेले नव्हते.

छकुली म्हणते, रोज अर्धा तास ती गोजिरीशी व्हिडिओवर बोलेल. तिनं स्वतःहून लिहिलंय, मी गळ घातली नाही. पण गोजिरीच्या शेजारी तू बसली पाहिजेस, तुलाही शिकावं लागेल, ही तिची अट आहे. "आई शिकली नाही तर उपयोग नाही," असं लिहून तिनं खाली दोन रेघा ओढल्या. काकूंनी सांगितलं की सकाळी नऊच्या सुमारास जेटीजवळ नेटवर्क बरं असतं.

तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. यात मी कुठं नाही. तू थेट तिलाच मेसेज कर. मला कळवायचीही गरज नाही.

ताई


धामणगाव बढे
१४ डिसेंबर २०२५

निवू,

तू छकुलीला मेसेज केलास हे मला तिच्याकडूनच कळलं. तिनं नुसता अंगठ्याचा फोटो पाठवला होता.

मी दर रविवारी वरवट बकालला जाते. तुला ते माहीत असेल किंवा नसेल. दुकानाच्या मागच्या खोलीत छकुली भिंतीला फोन टेकवून बसते आणि मी बाजूला, फोनच्या नजरेत येणार नाही अशी, काजबटणाच्या डब्यांजवळ. छकुलीला मी आधीच सांगितलं होतं की मला दाखवू नकोस. मी तुझ्या घरात अशी मागच्या दारानं येत होते. तीही चोरीच म्हण.

मला काय दिसलं ते लिहू दे. पहिल्या रविवारी गोजिरी तुझ्या पदराआड होती. छकुलीनं हातांनी आंबा केला, मासा केला, पाऊस केला, ती बघतही नव्हती. दुसऱ्या रविवारी तिनं मासा केला. एकदाच, हात वेडावाकडा, आणि मग तिनं मान वळवून समुद्राकडे पाहिलं, पुन्हा आपल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा समुद्राकडे. छकुली रडत होती आणि हसत होती. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त तुझा हात तिच्या पाठीवर होता. नंतर काही थांबलंच नाही. कुत्रा, जहाज, आजी, दे, नको, गरम, अजून. काकू सांगत होत्या की परवा रात्री ती उठून बसली आणि तुला हातानं म्हणाली, पोट दुखतंय. कुठं ते बोट लावून दाखवलं. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा.

काकू म्हणाल्या, "निवेदिता तवापासून ते हातानं करून करून साऱ्या गल्लीले दाखवते. मलेही येते आता. पाहाय, फोनात दिसत नाई तुले, पन मी करून राह्यली."

मला त्यात आनंद झाला असं लिहायला मी धजत नाही. जे चार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते हे नव्हे. तिच्या कानात तुझा आवाज यायला हवा होता. तो आता कधी यायचा नाही, आणि तो माझ्या खणात गेला. छकुली म्हणते, ऐकणाऱ्या लोकांना असं वाटतं, आम्हाला तसं वाटत नाही. तिचं खरं असेल. तिच्या खरेपणानं माझं मिटत नाही.

आज काय झालं ते लिहायला हे पत्र घेतलं आहे. तू तिथं होतीस, तुला माहीत आहेच. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला दिसलं नाही.

बोलता-बोलता राजकुमारनं दुकानातून छकुलीला बोलावलं. ती उठली, तिचा पदर अडकला आणि फोन भिंतीवरून घसरून आडवा पडला. मी विचार न करता पुढे होऊन तो उचलला. तर समोर गोजिरी. एवढ्या जवळून मी तिला पहिल्यांदा पाहिलं. कपाळ आईचं आहे. ती माझ्याकडे बघत होती आणि मला हातानं एक शब्द येत नव्हता. सहा रविवार मी तिथं बसले आणि शिकण्याचं मला सुचलं नाही. बघत बसले. तुझी मान खाली होती.

छकुली आली. गोजिरीनं तिला काहीतरी विचारलं, बोट माझ्याकडे करून. छकुलीनं उत्तर दिलं. मग गोजिरीनं पुन्हा विचारलं, आता जरा लांब. छकुलीचे हात थांबले. तिनं मापाची वही ओढली आणि मला लिहून दाखवलं.

"विचारते कोण. मी सांगितलं आईची मोठी बहीण. आता विचारते, आधी कुठं होती."

छकुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चांगुलपणानं खाली लिहिलं, "सांगू? आजारी होती. दूर होती."

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, "नको. सांग, घरीच होती."

तिनं ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग फोनकडे वळून दोन्ही हातांची बोटं वर टेकवून छप्पर केलं आणि माझ्याकडे बोट केलं. ती खूण मलाही कळली.

गोजिरीनं तुझ्याकडे पाहिलं. तू मान वर केलीस. मी फोन छकुलीच्या हातात दिला आणि बाहेर येऊन बसस्टँडवर बसले, म्हणून पुढं तू तिला काय सांगितलंस ते मला माहीत नाही. छकुलीला मी विचारणार नाही.

हे पत्र तुला मिळेपर्यंत मी वरवट बकालला जात नाही; नंतर जाऊ की नको, ते जनकाकाकूंजवळ सांग. नको म्हणालीस तर जाणार नाही. जा म्हणालीस तर त्या रविवारच्या आत निदान माझं नाव हातानं कसं सांगायचं तेवढं शिकून घेईन.

ताई